राखेचा आळ

मित्रांनो, मला पाहिलं की कुणालाही खोकल्याचं औषध आठवतं आणि त्यात कुणाची चूक नाही. मी तपकिरी काचेची एक जुनी बाटली आहे. रेती, सोडा आणि चुना भट्टीत वितळले, साच्यात हवेची फुंकर बसली आणि मी उभी राहिले. जन्म औषधासाठी झाला खरा, पण मी नावारूपाला आले ते विमानाच्या कामात. मी स्वतः कधी उडाले नाही. तरी एका माणसाला सुखरूप जमिनीवर ठेवण्यात माझा वाटा आहे, हे मी ताठ मानेनं सांगते.

नागपुरात इंदोऱ्याला तुळसाबाई खोब्रागडे राहत. त्यांच्या खोकल्यापायी मी त्या घरात आले. औषध संपलं, खोकला गेला आणि मी फळीवर राहिले. त्यांची मुलगी शामला छप्पन साली धम्मदीक्षेच्या दिवशी वडिलांच्या खांद्यावर बसून गेली होती. आता ती रसायनशास्त्र शिकून सदर भागातल्या एका प्रयोगशाळेत केमिस्ट झाली होती. तिथे मँगनीजच्या खाणींतून आलेले दगड तपासत. दगडाची पूड दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये विजेच्या ठिणगीत जाळायची आणि त्या उजेडाचा फोटो काचेच्या पट्टीवर घ्यायचा. प्रत्येक धातूची रेघ ठरलेल्या जागी उमटते. लोखंडाची रेघ तांब्याच्या जागी कधीच जात नाही, आणि धातू जास्त असला की रेघ ठळक येते.

एक दिवस तिथे चंद्रभान धोटे आले. ते लहान विमानातून कपाशीवर औषध फवारत. आदल्या हंगामात उडता उडता त्यांचं इंजिन बंद पडलं होतं आणि विमान कसंबसं तुरीच्या वावरात उतरलं होतं. तेव्हापासून ते इंजिनाच्या आवाजावर पूर्ण भरवसा ठेवत नव्हते. रेल्वेच्या डिझेल इंजिनांचं तेल तपासून आतली झीज ओळखतात, असं त्यांनी वाचलं होतं. विमानाचं तेल तसं तपासता येईल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

शामलानं होकार दिला. घरी आईला समजावताना तिनं कन्हान नदीचं उदाहरण दिलं. नदीच्या पाण्याचा रंग पाहिला की वर ती कोणत्या मातीतून आली ते कळतं, तसंच तेलाचं. तेल इंजिनभर फिरतं. जिथे जे घासतं, तिथली डोळ्यांना न दिसणारी कणी घेऊन येतं. तुळसाबाईंनी फळीवरून मला काढलं.

"ईचं बूच घट्ट हाये. घेऊन जाय हे," त्या म्हणाल्या.

असं माझं दुसरं आयुष्य सुरू झालं. सोनेगावच्या विमानतळावर चंद्रभानसाहेबांची पत्र्याची शेड होती. तिथले मेकॅनिक मार्तंड मोठे कसबी. इंजिन गरम असतानाच ते तेल सोडत. पहिली धार जाऊ देत, मधल्या धारेखाली मला धरत आणि लगेच बूच लावत. ते कोराडीला, कोळशाच्या वीजकेंद्राजवळ, भावाच्या क्वार्टरमध्ये राहायचे. त्यामुळे रात्री माझा मुक्काम तिथल्या खिडकीत असे आणि सकाळी शहरात येताना ते मला शामलाच्या टेबलावर ठेवून पुढे जात. शामला तेल जाळून त्याची राख करी, राख ठिणगीत धरी, मग मला धुऊन, वाळवून परत पाठवी. दरवेळी रेघा जवळपास सारख्याच येत. इंजिन तब्येतीनं होतं. चंद्रभानसाहेब मला हातात घेऊन उन्हात फिरवून पाहत आणि समाधानानं खाली ठेवत. असं कौतुक कुठल्या औषधाच्या बाटलीला मिळतं?

मग शहात्तर सालचा पावसाळा सरला. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, बोंडअळी उतरली. चंद्रभानसाहेब काटोलकडच्या मुरमाच्या धावपट्टीवरून दिवसभर उडत, आणि प्रत्येक उड्डाणाला तांबडी धूळ विमानाच्या मागे भिंतीसारखी उभी राही. त्या दिवसांतलं तेल मी घेऊन आले तेव्हा शामला काचेची पट्टी उजेडात धरून बराच वेळ उभी राहिली. लोखंडाची रेघ गडद झाली होती. तिच्याहून वाईट म्हणजे सिलिकॉनची रेघ, एरवी जेमतेम दिसणारी, ठसठशीत उमटली होती. सिलिकॉन म्हणजे रेती, धूळ. तिनं मला धुऊन पिशवीत टाकलं आणि ती स्वतः बसनं सोनेगावला आली.

दुसऱ्या दिवशी पहाटे विमान निघायचं होतं. काटोलकडच्या एका गावाहून देवाजी नावाचे वयस्क शेतकरी तारीख पक्की करायला येऊन बसले होते. शामलानं सांगितलं, की इंजिनात धूळ जाते आहे, उडू नये.

मार्तंडांनी इंजिन सुरू केलं. आवाज गोड होता. एअर फिल्टर त्यांनी काढून दाखवला. तो नवा होता, त्यांनीच बदललेला. मग ते माझ्याकडे वळले.

"मॅडम, इंजिन घड्याळावानी चालून राह्यलं. हे बाटली रातभर कोराडीले खिडकीत राह्यते. तिथं ताटात राख पडते आमच्या. अन् काच तं रेतीचीच बनते. धूळ बाटलीतली असन."

मित्रांनो, माझ्यावर आळ आला. बोलता येत असतं तरी मी काय सांगणार होते? मी रेतीचीच आहे आणि कोराडीच्या खिडकीत राख येतेच. माणूस खोटं बोलत नव्हता.

शामलाही चिडली नाही. "तुमचं म्हणनं खरं असू शकते," ती म्हणाली. "तं मग बाटलीचीच परीक्षा घेऊ."

तिनं सीलबंद डब्यातलं नवं, न वापरलेलं तेल माझ्यात भरलं आणि मला मार्तंडांच्या हाती दिलं. नेहमीच्याच झोळीतून न्या, त्याच खिडकीत ठेवा आणि सकाळी आणा, असं तिनं सांगितलं. इंजिनातलं थोडं तेल तिनं दुसऱ्या कोऱ्या बाटलीत घेतलं, पण ती बाटली कोराडीला न पाठवता थेट प्रयोगशाळेत नेली. दोन्ही तेलं एकाच पट्टीवर तपासायची होती. तोवर विमान थांबवावं लागणार होतं.

चंद्रभानसाहेब देवाजींकडे पाहत राहिले. अळी कुणासाठी थांबत नाही हे त्यांना ठाऊक होतं. गावाला तारीख त्यांनीच दिली होती. शब्द मोडायचा, तोही एका रेघेसाठी?

शेवटी देवाजीच बोलले. "साहेब, तुमी झाडाच्या शेंड्यावरून उडता. थितं इंजिन बंद पडलं तं उतरान कुठं? पऱ्हाटी आमी पाठीवरच्या पंपानं पाहून घेऊ, जमन तेवढी. तुमी थांबा."

चंद्रभानसाहेबांनी विमानाच्या चाकांना लाकडी ठोकळे लावायला सांगितले.

ती रात्र मी कोराडीच्या खिडकीत काढली. नेहमीसारखीच राख आली आणि माझ्या खांद्यांवर बसली. पण बूच पक्कं होतं. सकाळी मार्तंड मला टेबलावर ठेवून पुढे गेले नाहीत. शामलाच्या खोलीबाहेर बाकावर बसून राहिले. ठिणगी पेटली, विझली. पट्टी अंधाऱ्या खोलीत धुतली गेली. शामलानं त्यांना आत बोलावलं आणि पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. माझ्यातल्या तेलाच्या जागी सिलिकॉनची रेघ जवळपास नव्हतीच. दुसऱ्या बाटलीतल्या तेलाची रेघ काळीभोर होती.

मी स्वच्छ होते, मित्रांनो. राख माझ्या अंगावर होती, पोटात नव्हती.

मार्तंड तसेच उठून सोनेगावला गेले. दुसऱ्या दिवशी ते परत आले तेव्हा हातात रबराची एक नळी होती. फिल्टरच्या मागून इंजिनाकडे हवा नेणारी ती नळी खालच्या बाजूनं, नेमकी ती आवळून धरणाऱ्या पट्ट्याखाली, फाटली होती. फिल्टर नवा असून उपयोग नव्हता. मुरमाची धूळ मागच्या दारानं शिरत होती. त्यांनी सिलिंडर उघडले होते. भिंती घासल्या गेल्या होत्या आणि एका पिस्टनची रिंग तडकलेली सापडली.

"म्या फिल्टर पाह्यला, नळी नाही पाह्यली," ते म्हणाले. "साहेब उडाले असते."

"पट्ट्याखाली कोनाले दिसते गा, मार्तंडभाऊ?" शामला म्हणाली. "डोयाले दिसलं असतं तं तेल कशाले तपासलं असतं?"

इंजिन दुरुस्त होईपर्यंत बरेच दिवस गेले. देवाजींच्या गावात काही वावरं अळीनं खाल्ली, हेही खरं आहे. विमान पुन्हा तिकडे गेलं तेव्हा देवाजी धावपट्टीवर आले. नुकसान झालं हे त्यांनी लपवलं नाही. पण त्यांनी चंद्रभानसाहेबांचा हात धरला तो लवकर सोडला नाही. ही गोष्ट साहेबांनी शामलाला सांगितली, तेव्हा मी टेबलावरच होते.

पुढे मार्तंड प्रत्येक नळी पट्टा काढून पाहू लागले. मला झोळीत ठेवताना ते फडक्यात गुंडाळू लागले. दुसऱ्या विमानांची तेलंही येऊ लागली, आणि ऐंशी सालानंतर हलक्या प्लास्टिकच्या बाटल्यांचे खोके आले. माझी गरज संपली. काही वर्षं कुणीतरी माझ्यात शाई ठेवली, मग तीही वाळली. याचं मला फार दुःख नाही. माझं काम ज्यांनी पुढे नेलं, त्या बाटल्याही बूच घट्ट लावूनच येतात.

तरी एक विनंती आहे. मोठा आवाज झाल्यावर धावणारे पुष्कळ असतात. तुम्ही बारीक खूण दिसताच थांबायला शिका, मग समोर कितीही घाई असो. आणि खूण सांगणाऱ्यावर शंका आली तर जरूर घ्या, मला त्याचा राग नाही. फक्त शंका घेऊन उडून जाऊ नका. एक दिवस थांबा आणि तिची परीक्षा घ्या.