केराबाई घर चाचपते

"बिरू, हितं ये. मोबाईलचा उजेड पाड जरा," केराबाई कॉटखालून ओरडली.

बिरुदेव स्वयंपाकघरातल्या कपाटांना लहान मुलांना उघडता येऊ नयेत अशी कुलपं बसवत होता. ड्रिल तसंच टाकून तो आला, तर अडुसष्ट वर्षांची त्याची आई रांगत भिंतीकडं निघालेली.

"आये, काय हरवलं?"

"हरवलं न्हाय, सापडतंय," म्हणत तिनं हात बाहेर काढला. तळहातावर एक बटण, खेळण्यातला चपटा सेल आणि गोधडी शिवायची सुई.

माढ्याकडच्या माळावर केराबाईनं चाळीस वर्षं मेंढरं सांभाळली होती. कोकरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात सोडण्याआधी ती आतली जमीन गुडघ्यांवर फिरून चाचपायची. काटा, तार, काच, जे उभ्या माणसाला दिसत नाही ते कोकराच्या तोंडाला आधी लागतं. आता सव्वा वर्षाच्या नातवासाठी, ऋतुराजसाठी, तिनं सोलापुरातल्या या दोन खोल्यांनाही तोच कायदा लावला होता.

तिची सून सुकन्या दवाखान्यात नर्स. उद्या सोमवारपासून तिला कामावर हजर व्हायचं होतं, रजा आणखी वाढत नव्हती. तिच्या नोकरीची सगळी मदार केराबाईवर होती, आणि केराबाईला चक्कर येत होती.

गावी महिन्याभरात दोनदा ती पडली. दुसऱ्या वेळी गव्हाणीपाशी. शेळी तोंड चाटायला लागली तेव्हा शुद्धीवर आली. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती आणि मेंढरं विकून तीन. तेव्हापासून दिवसाकाठी कुणाला तिची अशी गरजच पडत नव्हती. "आत्या, पोराला सांभाळायला याल का?" असा सुनेचा फोन आला, तेव्हा फोन चालू असतानाच तिनं पिशवी भरायला घेतली होती.

कपाटांच्या कुलपांनी मात्र भलतीच गंमत केली. ऋतुराज ती ओढून बघण्याआधी आजीच साखरेच्या डब्यासाठी दाराशी झोंबून दमली.

"चहा प्यायचा तर तुला कामावरनं बोलवू व्हय रं?"

"आत्या, हितं दाबायचं आन् मग ओढायचं," सुकन्यानं हसत दाखवलं. तिसऱ्या खेपेला जमलं, तेव्हा केराबाईनं जग जिंकल्यासारखा चहा केला.

मग तिनं पिशवीतून जुन्या वाघरीचा तुकडा काढला आणि गॅलरीच्या गजांना सुतळीनं आवळून बांधला. शेजारची सावित्रम्मा दारात येऊन बघत राहिली.

"मेंढ्या ठेवताव काय इथं?"

"एकच हाय. पण चाळीसाला भारी."

साडेदहाला नळ आला. चार दिवसांनी आलेलं पाणी, त्यामुळं घरातलं हरेक भांडं त्याच्या दिमतीला. मोरीतल्या मोठ्या ड्रमात पाइप सोडून सुकन्या स्वयंपाकघरात घागरी भरायला वळली. ऋतुराज ड्रमच्या काठाला धरून टाचा उंचावतोय, हे सोफ्याखाली शोधाशोध करणाऱ्या केराबाईनं पाहिलं. ती झटकन उठली, धावली, पोराला उचलून कडेवर घेतलं, आणि कानात गुंईं झालं.

समोरची भिंत एका बाजूला सरकली. पुढ्यात काठोकाठ भरलेला ड्रम, झाकण बाजूला पडलेलं. केराबाईनं पोराला छातीशी गच्च आवळलं आणि आहे तिथंच ओल्या फरशीवर धपकन बसली. कितीतरी वेळ तिला काही दिसलं नाही. पोराचा ओला हात नाकावर फिरत होता तेवढा कळत होता. त्याला हा खेळच वाटला.

"आत्या, फरशीवर काय बसलाय? लुगडं भिजलं की सगळं," सुकन्या आली.

"बसले जरा."

"बरं झालं धरलंत त्याला. तुमी हाय म्हणून उद्या मी जाऊ शकते बघा."

एवढंच ऐकायला केराबाई सोलापूरला आली होती. पण आता तिला ते ऐकवेना.

दुपारी पोरगं झोपलं. ड्रमांची झाकणं दोरीनं बांधून झाली होती, फिनाईल माळ्यावर गेलं होतं, विजेच्या सॉकेटांना बुचं बसली होती. सुकन्यानं मोबाईलमधली यादी वाचून काढली.

"आत्या, आता काय राहिलं?"

"मी राहिले," केराबाई म्हणाली.

सुकन्याला कळेना. मग केराबाईनं सगळं सांगितलं. गावचं दोनदाचं आणि आज मोरीतलं. कुठली वाट ढासळलीय हे सांगावं, तितक्याच साध्या आवाजात.

"आये, आदी का न्हाय बोललीस?" बिरुदेवचा आवाज चढला.

"बोलले असते तर आणलं असतंस मला?"

सुकन्यानं उंचावरून रक्तदाबाचं मशीन काढलं, सासूच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि आकडे दोनदा बघितले. तिला राग आला होता आणि रडूही येत होतं.

"ड्रमपाशी काय झालं असतं, आत्या?"

"म्हणून तर सांगितलं, पोरी."

सावित्रम्मा दिवसभर इकडं येऊन बसायला एका शब्दात तयार झाली. सोमवारी अकराला बिरुदेव आईला डॉक्टरकडं नेणार, हे ठरलं. केराबाईला गावी धाडायची गोष्ट कुणी काढली नाही. नियम मात्र तिनंच घालून घेतला. पोराला उभ्यानं उचलायचं नाही आणि एकटीनं मोरीकडं न्यायचं नाही.

सोमवारी सकाळी सुकन्या कामाला निघाली. दार लागलं आणि ऋतुराजनं भोकाड पसरलं. सावित्रम्मानं हात पुढं केले, पण तो तिला चुकवून डुलत डुलत आजीपाशी गेला, लुगड्याला लटकला आणि दोन्ही हात वर केले.

केराबाईचे हात आपसूक खाली गेले आणि मधेच थांबले. तिनं भिंत धरली. एक पाय दुमडला, मग दुसरा, आणि नीट मांडी घातली. तोवर पोरगं रडत तिच्या खांद्याला झोंबत होतं.

"थांब की रं बाबा," ती म्हणाली, "म्हातारीला बसू दे."

मग तिनं त्याला जवळ घेतलं.