पोचे

"मानवजातीची चाकं आता परग्रहांच्या अंगणात मुक्त संचार करीत आहेत!" संस्थेच्या वारसा-सोहळ्यात संचालकसाहेब माईकवर गरजले आणि त्यांनी बटण दाबलं. व्यासपीठावरची सहाचाकी गाडी वीतभर सरकली, गालिच्याच्या सुरकुतीत अडकली आणि बसली.

टाळ्या मात्र ठरल्याप्रमाणे पडल्या.

मागच्या रांगेत चाकमिस्त्री दातओठ खात होते. दोन दिवसांपूर्वी त्यांची ही गाडी वर्कशॉपमधून न विचारता उचलली होती. हिची जुळी बहीण परग्रहावर फिरता फिरता चाकं फाडून बसली. का फाटली, हे शोधायला मिस्त्रींनी हिला नऊ वर्षं वर्कशॉपमागच्या खडकांवर घासली. पडलेल्या प्रत्येक पोच्याशेजारी दगडाचा नंबर टाकला. नव्या गाडीच्या चाकांचा पत्रा किती जाड हवा, ते या पोच्यांवरून ठरणार होतं. त्या चाकांचं काम मिस्त्रींच्या भाचीकडे होतं; मोजपट्टी घेऊन ती शेजारीच बसली होती.

"मामा, पोचे कुठायत? चाकात तर साहेबांचं तोंड दिसतंय!"

मिस्त्री उठले ते थेट व्यासपीठावर.

"साहेब, चाकांना हात कोणी लावला?"

"छान झालंय ना? डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं. वारसा म्हटल्यावर नीटनेटका नको?"

"अहो, पोचे हाच वारसा! नऊ वर्षं तुमच्या गॅरेजवाल्यानं ठोकून सपाट केली. उद्या पोरीची गाडी तिकडे फाटली, तर तो जाणार आहे का पंक्चर काढायला? अकलेला पडलेले पोचे तेवढे जसेच्या तसे जपलेत!"



नशीब, सहावं चाक मिस्त्रींनी महिन्यापूर्वीच मोजणीसाठी उतरवून वर्कशॉपच्या कपाटात ठेवलं होतं. गॅरेजवाल्यानं त्या जागी कोरं चाक चढवलं होतं. भाचीनं धावत जाऊन जुनं आणलं. पोचे, नंबर आणि मुठीएवढं भोक. मिस्त्रींनी खिशातला पाना काढून ते सगळ्यांदेखत बसवलं.

"सोमवारी पोरगी मोजेल. तोवर कोणी फडकंसुद्धा मारायचं नाही!"

साहेबांचे डोळे पाणावले. "मिस्त्री, डोळे उघडलेत आमचे. तुमचा शब्द न् शब्द खरा!" त्यांनी मिस्त्रींच्या खांद्यावर हात टाकला, फोटोग्राफरला बोलावलं आणि कानाशी लागून म्हणाले,

"फोटोपुरतं जरा डावीकडे सरकता का? भोक दिसतंय."