दोन पाळ्यांची खाट

मी एक जुनी सुंभाची खाट आहे. मित्रांनो, एकाहत्तर साली भिवंडीतल्या लूम कामगारांच्या खोलीत मी माझे चार पाय रोवले.

त्या खोलीत सगळे चटईवर निजत. आवणी, म्हणजे भाताची लावणी, आली की चटई बगलेत मारून जो तो गावाकडे पळे. त्यांच्यातल्या विठूने मात्र मला विकत आणले आणि जाहीर केले, की गणेशपुरीकडचे शेत चुलतभावाला कसायला देऊन तो बायकोला, गोदूला, इथेच आणणार. खाट काही बगलेत मावत नाही. तेव्हा विठू पक्का भिवंडीकर झाला, असे खोलीने ठरवून टाकले.

विठू दिवसपाळीला, खोलीतलाच रघू रातपाळीला. त्यामुळे माझ्यावर रात्री विठू, दिवसा रघू. मला थंड व्हायला सवडच नसे. शेजारच्या कोंबडीने माझ्याखाली अंडी घातली, तर नुसत्या माझ्या उबेने पिल्ले बाहेर आली. खोटे वाटते? तेव्हापासून ती कोंबडी अंडी घालून खुशाल फिरायला जाई.

एका दुपारी गोदू न कळवता आली. माझ्यावर विठूची चादर, चादरीखाली माणूस. ती शेजारी बसली आणि रोपे लावणीला आल्याचे सुनावू लागली. आत होता रघू, नुसत्या लंगोटीवर! तोंड काढायची सोय नव्हती. बाई लवकर उठावी म्हणून तो हुंकार देत सुटला. आवणीला येणार ना? हूं. शेत आपणच कसायचे ना? हूं. बाकीचे गडी चटईत तोंड खुपसून हसत होते.

इतक्यात जेवणाच्या सुटीत खरा विठू दारात उभा राहिला. सगळा प्रकार कळल्यावर तो हात जोडून म्हणाला, की शब्द रघूने दिला, मी नाही.

"खाट तुमची, चादर तुमची," गोदू म्हणाली, "आन् सबद तेवढा रघूभावजींचा?"

विठूने पगाराचे, विजेच्या दिव्याचे गुण गायले. गोदूने माझ्यावरून हात फिरवला.

"जिथं तुमालाच अर्धा दिस पाठ टेकाया जागा न्हाय, तिथं मी बिऱ्हाड कुठं मांडू?"

चादरीखालून सवयीने हुंकार आला.

विठू आवणीला गेला, भाताची झोडणी उरकून परतला आणि पुढे दरसाल तसाच जात-येत राहिला.

मित्रांनो, गावचा माणूस शहरात कायमचा का राहत नाही, म्हणून शहाणी माणसे डोके खाजवतात. त्यांना म्हणावे, आधी माझ्यावर निजून बघा. पण त्याआधी माझे सुंभ तेवढे ताणून घ्या. माझ्यावर कायम दोघे निजले, पण सुंभ ओढायची पाळी कुणाचीच नव्हती.