पेटी क्रमांक चारशे बारा

नाणेवाल्याने पाचवं नाणं दिव्याखाली तिरकं धरलं, डोळ्याला लावलेलं भिंग काढलं, रुमालाने पुसलं आणि पुन्हा लावलं.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही, ताई. जरा बघू दे."

ती काउंटरच्या अलीकडे उंच स्टुलावर बसली होती. पाय जमिनीला टेकत नव्हते, म्हणून पर्स तरी घट्ट धरली होती. नाणेवाला पांढरे सुती हातमोजे घालून एकेक नाणं कडेने उचलायचा, दिव्याखाली फिरवायचा, मखमलीच्या खाचेत परत बसवायचा. लग्नाआधी तिलासुद्धा कुणी इतकं निरखून पाहिलं नव्हतं.

पेटीत नऊ नाणी होती. सगळी चांदीची, संग्राहकांसाठी खास पाडलेली, आरशासारख्या अंगाची. तिच्या नवऱ्याने ती घेतली तेव्हा मुलगी शाळेत होती, आणि त्या वर्षी घरात नवा पंखा आला नव्हता. "ही तुझ्या म्हातारपणाची सोय," तो म्हणाला होता. पुढे दर वर्षी नवा कॅटलॉग आला की चष्मा कपाळावर चढवून तो भाव मोठ्याने वाचून दाखवायचा. ती चहा गाळता गाळता "हो का?" म्हणायची.

त्याला जाऊन सात महिने झाले होते. दोन खोल्यांचं भाडं आता तिच्या एकटीच्या पेन्शनीत बसत नव्हतं. मुलगी म्हणत होती, ये माझ्याकडे, इस्त्रीची खोली आहेच. त्या खोलीत इस्त्रीचं टेबल, नातवाची सायकल आणि एक बंद पडलेलं शिलाई मशीन होतं. कॅटलॉगमधला भाव मिळाला तर चार वर्षं तरी आपल्याच घरात निघतील, हा हिशेब तिने बोटांवर इतक्या वेळा केला होता की बोटंच कंटाळली असतील.

"ग्रेडिंगला पाठवायचीत ना?" ती म्हणाली. "मुलीने चौकशी केली. ते सत्तरपैकी मार्क देतात आणि प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करतात. मग किंमत वाढते म्हणे."

"वाढते. पण ही पाठवू नका." नाणेवाल्याने भिंग खाली ठेवलं. "फी फुकट जाईल. मार्क न देताच परत येतील. 'साफ केलेली' असा शेरा मारून."

"साफच आहेत की."

"तेच तर."

"स्वच्छ असणं वाईट कधीपासून झालं?"

तो हसला, पण तोंड भरून नाही. "नाण्यांच्या बाबतीत पहिल्यापासून. चांदीला वर्षानुवर्षांनी कडेला निळसर-काळपट झाक येते. गिऱ्हाईक ती झाक शोधत येतं. घासली की गेली, आणि वर ओरखडे राहतात. हे बघा."

त्याने भिंग तिच्या हातात दिलं. तिने एक डोळा मिटला. चकचकीत चांदीवर केसाहून बारीक रेघा होत्या, गोल गोल, एकात एक. डावीकडून चार फेरे आणि मग उलटे दोन. ती कढईही तशीच घासायची, आरसाही तसाच पुसायची. स्वतःचं अक्षर ओळखावं तसा तिने तो हात ओळखला.

तिने भिंग परत केलं.

"मीच," ती म्हणाली.

नाणेवाल्याने काही विचारलं नाही, तरी ती सांगत राहिली. "वर्षातून दोन दिवस हे नाण्यांच्या प्रदर्शनाला बाहेरगावी जायचे. घर अगदी गप्प व्हायचं. मग मी पेटी काढायची. यांच्या खुर्चीत बसून एकेक नाणं घासायची. टूथपेस्ट लावून. काळी पडायला लागली होती हो. मला वाटायचं, यांचं लक्ष नाही, आपण तरी बघावं. परत आले की म्हणायचे, कपाट कोरडं आहे म्हणून चांदी बघ कशी टिकलीय. मी कपात तोंड घालून हसायची."

"शेवटपर्यंत टूथपेस्टच?"

"नाही. नंतर पेटीतच एक पिवळं फडकं सापडलं. छान मऊ. म्हटलं, आधी कसं दिसलं नाही मला?"

नाणेवाल्याने हातमोजे काढले. पेटी उलटी करून तळाचा क्रमांक वाचला आणि मागच्या फळीवरून एक जाड वही ओढली. पानं उलटताना त्याने दोनदा तिच्याकडे पाहिलं.

"चारशे बारा. क्रमांक बघेपर्यंत आठवलं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी ही पेटी आली होती माझ्याकडे. साहेबांनीच आणली होती, ग्रेडिंगला. नऊच्या नऊ शेरा मारून परत आली."

तिने पेटीच्या तळाचा क्रमांक स्वतः वाचून पाहिला.

"मी म्हटलं, साहेब, घरात कुणीतरी हात लावतंय. कुलूप लावा. तर म्हणाले, कुलूप लावलं तर तिला कळेल."

"काय कळेल?"

"एवढंच म्हणाले. मग चांदी पुसायचं मऊ फडकं आहे का विचारलं. मी हसलो. म्हटलं, आता फडक्याने काय वाचणार? तर म्हणाले, चांदीसाठी नकोय. टूथपेस्टने तिच्या बोटांना भेगा पडतात."

बाहेर कुणीतरी शटर अर्धं ओढून पुन्हा वर सारलं. तिने आपली बोटं पर्सच्या पट्ट्याखाली घेतली.

तिने पेटीकडे पाहिलं. मग तिचा चेहरा हळूहळू तांबूस झाला. रडू येईल असं वाटून नाणेवाल्याने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. पण ते रडू नव्हतं.

"नऊ वर्षं," ती म्हणाली. "नऊ वर्षं हा माणूस मला भाव वाचून दाखवत होता. यंदा वाढला, यंदा आणखी वाढला. आणि मी चहा गाळत ऐकत होते."

"त्यांना वाटलं असेल..."

"वाटलं असेल हो! एकदा ओरडले असते तर काय झालं असतं? दोन दिवस अबोला धरला असता मी. तिसऱ्या दिवशी बोलले असते. दोघांनी बसून दुसरी काही सोय तरी केली असती." तिचा आवाज चढला होता. सात महिन्यांत ती इतक्या मोठ्याने कुणाशीच बोलली नव्हती. तिचं तिलाच ते ऐकू आलं आणि ती थांबली. "एवढं कसलं सांभाळायचं माणसाला," ती हळू म्हणाली.

नाणेवाल्याने उगाचच ड्रॉवर उघडून बंद केला.

"चांदीच्या वजनावर घेईन मी," तो म्हणाला. "पेटीचे वेगळे धरतो. फार नाही होणार. एखाद्या साध्या घराचं पाच-सहा महिन्यांचं भाडं निघेल. नाहीतर ठेवा घरीच. घाई नाही."

"ठेवून काय करू? मी घासतच बसेन."

त्याने तराजू पुढे ओढला. नाणी आता कडेने धरायची गरज नव्हती, पण त्याने कडेनेच धरली.

मुलीचा फोन आला तेव्हा ती दुकानासमोरच्या बाकावर बसली होती. पाकीट पर्सच्या आतल्या कप्प्यात होतं आणि चेन दोनदा तपासून झाली होती.

"काय झालं, आई? किती आले?"

"फार नाही. बाजार पडलाय म्हणे चांदीच्या सेटचा."

"असं कसं? बाबा तर केवढा भाव सांगायचे! उगाच फुगवून सांगायचे का?"

"अजिबात नाही," ती म्हणाली. "बाबांनी सांगितला तेव्हा तेवढाच होता. त्यांचं काही चुकलं नव्हतं."

 पलीकडे नातू कसलासा हट्ट करत होता.

"तुझी ती इस्त्रीची खोली," तिने विचारलं, "खिडकी उघडते ना तिची?"

"जरा अडकते गं. खालून दामटली की उघडते."

"चालेल," ती म्हणाली. "दामटेन."