बाईंची हाक अडली तेव्हा

मित्रांनो, शिवणवर्गाच्या कोपऱ्यात, चिंध्यांच्या टोपलीशेजारी बसलेला मी एक जुना कॉम्प्युटर आहे. कारखान्यात माझे भाग कोणी जोडले ते मला आठवत नाही. पण इथे आल्यावर बाईंनी ज्या मऊ फडक्याने मला पुसलं, ते आठवतं. सकाळी सगळी शिलाई मशीनं पुसून झाली की माझी पाळी, हा त्यांचा नेम. अंगात ताप असला तरी तो कधी मोडला नाही.

माझं एक काम बाईंना फार आवडायचं. त्याला मेल मर्ज म्हणतात. बाई पत्र एकच लिहायच्या, जुन्या विद्यार्थिनींच्या नावांची यादी वेगळी असायची. मी प्रत्येकीचं नाव तिच्या पत्रात घालून ते ईमेलने पाठवायचो. नावंही बाईंनीच ठेवलेली: घाईताई, गाठोडी, उसवणारी. पत्र मिळालं की त्या मुली, आता आया झालेल्या, हसत फोन करायच्या. "बाई, मी अजून उसवणारीच का हो?" ते ऐकून मला धन्य वाटायचं.

पुढे बाईंची नजर अधू झाली आणि वर्ग बंद करायचं ठरलं. जी ज्या मशीनवर शिकली, तिने ते घरी न्यावं, अशी त्यांची इच्छा. रविवारी सगळ्यांना बोलवायचं. जी मशीनं उरतील ती सोमवारी भंगारवाला नेणार होता. म्हणून पत्रात प्रत्येकीचं मशीनही लिहिलं: खिडकीजवळचं, कुरकुरणारं, एका पायाने लंगडं.

नेमक्या त्याच आठवड्यात सूनबाईंनी माझी ऑपरेटिंग सिस्टीम नवी केली. तिच्याबरोबर एक नवा मेल प्रोग्रॅम आला आणि जुन्याला बाजूला सारून मुख्य होऊन बसला. त्यात बाईंचं खातं कोणी जोडलेलंच नव्हतं. मी पत्रं त्याच्या हाती दिली, ती त्याच्या आउटबॉक्समध्ये पडून राहिली. पडद्यावर मात्र काम झाल्यासारखं दिसलं.

"गेली ना गं?"

"गेली, आई."

दिवस उलटले, फोन वाजेना. सूनबाईंनी पत्रं पुन्हा पाठवली. तरी तेच.

"रागावल्या असतील," बाई म्हणाल्या. "जरा शिवण वाकडी गेली की सगळं उसवायला लावायचे मी."

"सगळ्यांना मिळून एकच पत्र टाकू का? प्रिय सर्व, असं?"

"सर्व नावाची कोणी शिकली नाही माझ्याकडे. राहू दे. भंगारवाल्याला सांग, सगळीच ने म्हणावं."

पत्रं माझ्याच पोटात आहेत, हे मला सांगायचं होतं. पण मला तोंड कुठलं? नुसता पंखा घरघरला.

सूनबाईंना मात्र चैन पडेना. त्यांनी एक पत्र स्वतःलाच पाठवलं आणि फोन हातात धरून बसल्या. तेही आलं नाही.

"आई, मी रागावलेय का तुमच्यावर?"

"ते मी कसं सांगू बाई, तूच सांग."

"नाही ना? मग माझं पत्रही का आलं नाही? घोडं आपल्याच घरात पेंड खातंय."

त्यांनी एकेक कप्पा उघडून पाहिला, तेव्हा अडकलेली पत्रं सापडली. ती काढून टाकून त्यांनी जुना मेल प्रोग्रॅम पुन्हा मुख्य केला आणि मर्ज नव्याने चालवला. बाई चष्मा पुसत होत्या, तेवढ्यात फोन वाजला.

"बाई, ते लंगडं माझंच. दुसऱ्या कोणाला द्याल तर बघा."

रविवारी खोली माणसांनी भरली. घाईताई सर्वांत उशिरा आली. कुरकुरणारं मशीन दोघींनी मिळून उचललं, तेव्हाही ते कुरकुरलं आणि बाई हसता हसता डोळे टिपू लागल्या. भंगारवाल्यासाठी काहीच उरलं नाही.

आता खोलीत मी एकटा आहे. माझ्यावर कोणी शिवण शिकलं नाही, म्हणून मला न्यायलाही कोणी आलं नाही. त्या मशीनांचा खडखडाट पुन्हा एकदा कानी पडावा, असं फार वाटतं.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना नवं रूप जरूर द्या, पण जुनी कामं आम्हाला अजून जमतात का, तेही एकदा पाहा. आणि आपल्या माणसाचं उत्तर आलं नाही, तर ते रागावलं असं मनात धरू नका. आपली हाक दाराबाहेर पडली का, ते आधी बघा.