हळदीकुंकवातली सहाबारी

‘बाईमाणसानं हत्याराला हात लावायचा नाही, आणि का म्हणून विचारायचंही नाही.’ सक्करदऱ्याच्या बाबारावांच्या घरातला हा नियम. मी त्याच घरातली सहाबारी रिव्हॉल्व्हर बोलतेय. नियम माझ्याबद्दलचा, मला मात्र कुणी विचारलंच नाही!

जन्म माझा विलायतेतला. नागपुरात सदर बाजारातल्या दुकानात काचेआड मिरवत होते, तिथून बाबारावांनी मला घरी आणलं. घराच्या रक्षणासाठी, म्हणे! पाहुणा आला की मला दाखवायचे. माझा चाप मात्र त्यांनी एकदाही ओढला नाही. त्यांचं जाडजूड बोट त्यात शिरतच नव्हतं.

मी कुलूपबंद पेटीत, किल्ली त्यांच्या करगोट्याला, आणि काडतुसं माळ्यावर भिवापुरी मिरच्यांच्या पोत्याखाली. दसऱ्याला तेवढी पाटावर. हळद, कुंकू, तूप, वर नळीत अक्षता! मला शिंक येत नाही, हे त्यांचं नशीब.

मागच्या दसऱ्याला पुरुषमंडळी शिलंगणाला गेली, किल्लीही गेली. मागच्या दारानं एक चोर शिरला आणि बाबारावांच्या बायकोची, रुखमाबाईंची पाटली ओरबाडू लागला. कॉलेजात शिकणारी त्यांची लेक अरुंधती पेटीकडे धावली. तिनं कुलूप हिसडलं, पेटी उचलून आपटली. आत मी नुसती टणाटण उडतेय! शेवटी तिनं खलातलं तिखट मूठभर त्याच्या डोळ्यांत फेकलं. चोर पळाला, रुखमाबाईंचं मनगट मात्र वाकडं ते वाकडंच.

सोनं घेऊन मंडळी परतली. बाबारावांच्या थोरल्या बहिणीनं, मनकर्णाबाईंनी हात जोडले. “देवानंच वाचवलं गा!”

“देवानं नाही आत्याबाई, मिरचीनं!” अरुंधती म्हणाली.

आज पुन्हा दसरा. पूजेसाठी पेटी उघडली, बाबाराव फेटा बांधायला वळले, आणि पोरीनं मला उचललं! माझ्याबरोबर आलेलं माहितीपत्रक इतकी वर्षं कुणी उघडलं नव्हतं. ते तिनं वाचलं, मी रिकामी आहे हे पाहिलं, मग घासलेट आणि चिंधी घेतली. काय गुदगुल्या! नळीतून तांदळाचे सात दाणे पडले. माझी मूठ तिच्या पंज्यात नेमकी बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला मी हत्यार वाटले.

“काहून वं, काय करून राहिली?” मनकर्णाबाई हळदीकुंकवाचं तबक घेऊन धावल्या. “इटाळ होते!”

“ठेव ते हत्यार पाटावर,” बाबाराव गरजले. “आमाले शिलंगणाले उशीर होऊन राहिला.”

“आधी दाराले अडसर, मग आरडाओरडा, आणि काहीच चाललं नाही तर ही. पण तेव्हा हाताशी तर पाहिजे! साफ पाहिजे, चालवता आली पाहिजे. बाबा, परवान्यात माझं नाव घाला आणि मले नेम शिकवा.”

“पोरीच्या जातीले नेम कायले? ठेव म्हणतो ना!”

“नाही ठेवत. जमत नसेल तर शिलंगणाले आई आणि मी जातो. तुम्ही दोघं बहीणभाऊ घरी बसा, किल्ली आम्ही घेऊन जातो.”

रुखमाबाईंनी वाकड्या हातानं नणंदेच्या हातातलं तबक काढून घेतलं आणि दूर कोनाड्यात ठेवलं.

बाबारावांच्या फेट्याचं टोक हातातच राहिलं.