उरलेले छत्तीस टक्के

शाळेच्या भिंतीवर पाढ्यांचा तक्ता असतो ना, मित्रांनो, त्याचा मी लांबचा चुलतभाऊ. मीही एक जुना तक्ताच आहे, पण माझ्याकडे बघून कोणी घोकंपट्टी केली नाही. लष्करात जायबंदी झालेल्या माणसाच्या सगळ्या दुखापती एकत्र धरून तो एकूण किती टक्के अपंग झाला, हे माझ्यावर बोट ठेवून काढत असत. आता मी कपाटामागे भिंतीच्या ओलीला पाठ लावून उभा आहे. एक कोपरा वाळवीने खाल्ला आहे. बोलायला वेळ मात्र भरपूर आहे.

माझा जन्म सरकारी छापखान्यात झाला. दोन मुद्रितशोधक समोरासमोर बसून मला तपासत होते. एक विचारायचा, "साठ आणि दहा?" दुसरा म्हणायचा, "चौसष्ट." "साठ आणि वीस?" "अडुसष्ट." असे तीन दिवस चालले. दोघांचे घसे बसले, पण चूक एकही सापडली नाही. मग मला खळ लावून जाड पुठ्ठ्यावर चिकटवले. छापखान्याचे मुख्य मला हातात धरून म्हणाले, "याला कुणी नावं ठेवून दाखवावीत!" ते वाक्य मी आयुष्यभर मिरवले.

तिथून मी वैद्यकीय तपासणीच्या कचेरीत आलो. लांबट खोली होती. अर्ध्यावर हिरवा पडदा, पडद्यापलीकडे डॉक्टरांची खाट, अलीकडे कारकूनबाईंचे टेबल. त्यांना सगळे ताई म्हणत. ताईंनी मला टेबलाच्या काचेखाली सरकवले. पडदा नेहमी अर्धवटच सरकलेला असायचा, त्यामुळे मला दोन्हीकडचे दिसायचे.

माझे गणित शाळेतल्यासारखे नाही. तिथे पन्नास आणि वीस सत्तर होतात, माझ्याकडे साठ. कारण माणूस मुळात शंभर धरायचा. पहिल्या दुखापतीने पन्नास नेले, तर उरला पन्नासच. दुसरी दुखापत त्या उरलेल्या पन्नासातले वीस टक्के नेते, म्हणजे दहा. तिसरी आणखी उरलेल्यातून. शेवटी येईल तो आकडा जवळच्या दहावर न्यायचा. पाच किंवा जास्त सुटे असले तर वर, नाहीतर खाली. यामुळे माणूस कितीही मोडला तरी माझ्या हिशेबात थोडासा शिल्लक राहतोच. मला ही मोठी दयाळू गोष्ट वाटायची.

सैनिकांना ती तशी वाटत नसे. एकदा लष्करी ट्रकचा एक चालक तळहातावर बेरीज करून आला. पन्नास, तीस, वीस, दहा. म्हणाला, "ताई, मी एकशे दहा टक्के निकामी आहे. म्हणजे दहा टक्के तर मेल्यानंतरचे!" सगळी खोली हसली. ताईंची बोटे माझ्यावरून फिरली आणि त्याचे ऐंशी झाले. तोही हसत गेला. चांगले दिवस होते ते.

मग एक दिवस एक तोपची, म्हणजे तोफखान्यातला जुना सैनिक, आणि त्याची बायको आले.

उलटलेल्या तोफगाड्याखाली त्याची कंबर चेंगरली होती. त्याचे पन्नास आधीच ठरले होते. आयुष्यभर तोफांशेजारी उभे राहून एक कान पूर्ण आणि दुसरा अर्धा गेला होता, त्याचे वीस. राहिला होता उजवा गुडघा. तो निम्म्यावर अडला तर वीस, आणि दुखत का होईना पण पूर्ण वाकला तर दहा, असा नियम होता. एकूण सत्तर झाले की घरी सरकारी मदतनीस मिळायचा. बायको त्या मदतनिसासाठी आली होती. नवऱ्याला रोज सकाळी बिछान्यातून तीच एकटी उचलायची. टेबलाशी उभी असताना तिचा एक हात सारखा स्वतःच्या पाठीवर जात होता.

डॉक्टर माणूस वाईट नव्हते. त्यांनी हळूच सांगितले, "काका, गुडघा वाकवा बघू." तोपचीला ऐकू गेले नाही. पुन्हा सांगितले, तेही नाही. शेवटी डॉक्टर खच्चून ओरडले, "वाकवा!"

मित्रांनो, तिथेच घात झाला. ती त्याला आज्ञा वाटली. खाटेवर बसल्या बसल्या त्याने पाठ ताठ केली, हनुवटी वर उचलली आणि गुडघा वाकवला. पूर्ण वाकवला. कपाळावरून घाम ओघळत होता, पण तोंडातून हूं की चूं नाही.

बायको पडद्याशी धावली. "अहो डॉक्टर, घरी नाही हो एवढा वाकत! घरी निम्म्यावरच अडतो!"

"मी डोळ्यांनी पाहिलं ते लिहितो, काकू," डॉक्टर म्हणाले. त्यांनी दहा लिहिले.

ताईंचे डावे बोट माझ्या कडेने साठवर आले. उजवे बोट वरच्या ओळीतून दहाच्या खाली उतरले. दोन्ही चौसष्टवर भेटली. एक जास्त असता तर सत्तर झाले असते. साठ झाले.

"असं कसं?" बायको म्हणाली. "पन्नास, वीस न् दहा. मला ऐंशी येतात. मी काय अगदीच अडाणी नाहीये."

ताईंनी जुन्या अर्जाच्या कागदाची एक पट्टी कापली. "काकू, हा अख्खा माणूस." अर्धी कापून बाजूला ठेवली. "ही कंबर." उरलेल्यातला पाचवा भाग कापला. "हे कान." त्यातूनही एक चिंधोटी काढली. "हा गुडघा. आता उरलं ते छत्तीस टक्के. एवढे काका धडधाकट आहेत."

बायकोने तो उरलेला तुकडा उचलला आणि उलटसुलट करून पाहिला.

"ताई, हे छत्तीस टक्के कुठायत तेवढं दाखवा मला," ती म्हणाली. "उद्यापासून तेवढे त्यांचे ते उठतील. मी तर रोज सकाळी शंभरच्या शंभर उचलते."

वर्षभराने फेरतपासणी मागता येईल एवढे ताईंनी सांगितले आणि अर्जही स्वतः भरून दिला. बायकोने तो तुकडा घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला. मला त्या दिवशी रागच आला होता. बाईला माझे गणित कळले नाही, असे मी समजलो.

वर्षाने तोपची परत आला. त्याची चाकाची खुर्ची घराशेजारचा एक माणूस ढकलत होता. तेच डॉक्टर, तीच खाट. डॉक्टर ओरडले, "वाकवा!" गुडघा थोडा वाकला आणि थांबला.

"बस," तोपची म्हणाला. "दुखतंय."

डॉक्टरांनी वीस लिहिले. ताईंचे बोट साठवर आले आणि दुसरे वीसखाली उतरले. अडुसष्ट. म्हणजे सत्तर! ताई खुर्चीतून उठल्याच. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून त्यांनी त्याच्यापुढे धरले: 'मदतनीस मंजूर होईल. काकू कुठायत?'

तोपचीने ते वाचले. "गेली," तो म्हणाला. "तीन महिने झाले."

ज्यांना ऐकू येत नाही ते मोठ्याने बोलतात. त्यामुळे पुढचे सगळ्या खोलीने ऐकले. सकाळी त्याला उचलताना तिची पाठ धरली आणि दोघेही पडले. तिचे डोके खाटेच्या लोखंडी पायावर आपटले. ती हाताच्या अंतरावर पडली होती आणि त्याला उठता येत नव्हते. तो शेजारचा माणूस आला तो थेट दुपारी.

"तिनं घरून बजावलं होतं, डॉक्टरांना दुखतंय म्हणून सांगा," तोपची म्हणाला. "मला तिच्यासमोर कण्हायची लाज वाटली."

मग त्याने खिशातून कागदाचा तुकडा काढला आणि टेबलावर ठेवला. "हे तिच्या पेटीत होतं. तुमचं आहे." ताईंनी काच उचलून तो माझ्यावर ठेवला. त्या दिवशी त्यांनी पुढचे नाव पुकारले नाही.

आता माझे काम संगणक करतो. तोही चुकत नाही. ताई निवृत्त झाल्या आणि टेबल बदलताना मी कपाटामागे गेलो. वाळवी येते, खाऊ दे.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. पण कुणी ताठ बसून "काही नाही, बरा आहे" म्हणाले, तर त्याच्याजवळ जाऊन एकदा पुन्हा विचारा, ओरडून नव्हे. आणि त्याच्या मागे पाठीवर हात ठेवून कुणी उभे असेल, तर त्यालाही विचारा. त्या माणसासाठी माझ्यावर एकही ओळ छापलेली नाही. मी तीन दिवस तपासून घेतलेला तक्ता, आणि हे कुणाच्याच ध्यानात आले नाही.

तो तुकडा अजून माझ्याजवळ आहे. ओलीने तो माझ्या अंगाला चिकटला, साठ आणि दहा जिथे भेटतात तिथेच. त्याच्याखालचा चौसष्ट आता दिसत नाही.